लकवा, तीन महिने पलंग आणि एक मेसेज

‘लकव्याच्या पेशंटला तीन महिने पलंगावरून हलवू नका. व्यायामाने बीपी वाढून दुसरा झटका येतो. सहा महिन्यांत जे आलं नाही ते पुढे येत नाही. रोज तेलमालिश करा, बाकी कशाची गरज नाही.’ हा मेसेज माझ्याकडे चार ग्रुपांवरून आला. त्यातल्या एका ग्रुपात मावशी आहे. काकांची डावी बाजू जाऊन तेव्हा जेमतेम बारा दिवस झाले होते, आणि मेसेज वाचून तिने त्यांचं खुर्चीत बसणंसुद्धा बंद केलं. म्हणून हे लिहितोय.

‘तीन महिने पलंग’. यात चिमूटभर खरं आहे, म्हणून ते खपतं. २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘अ‍ॅव्हर्ट’ ही चाचणी आली : ५ देश, २,१०४ पेशंट. झटक्यानंतर २४ तासांच्या आत आणि जास्त वेळा उठवलेल्यांपैकी ४६ टक्के लोक तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकत होते. नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्यांपैकी ५० टक्के. झालं, ‘उठवणं घातक’! पण ती नेहमीची पद्धत काय होती? त्या गटातलेही निम्मे पेशंट पहिल्या २२-२३ तासांतच पलंगावरून खाली उतरले होते. प्रश्न पहिल्या दिवशी किती रेटायचं एवढाच होता. तीन महिने झोपवून ठेवलेला गट त्या चाचणीत नव्हताच. पुढच्या विश्लेषणात तर थोडा थोडा वेळ, पण जास्त वेळा उठवलेल्यांचं बरं निघालं. झोपून राहिल्याने काय होतं ते वॉर्डातली कुठलीही सिस्टर सांगेल : पायात गुठळी, छातीत कफ, पाठीला जखमा.

‘बीपी वाढून दुसरा झटका’. बीपी ताब्यात आहे का, हे डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करायची, यात वाद नाही. ‘कॉक्रेन’ ही संस्था एका विषयावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र करून तपासते; तिच्या २०२० च्या आढाव्यात ७५ चाचण्या आणि ३,०१७ पेशंट आहेत. दमाचा व्यायाम, म्हणजे चालणं, सायकल वगैरे करणाऱ्यांचा चालण्याचा वेग सुधारला, मृत्यू वाढले नाहीत. व्यायामाने दुसरा झटका टळतोच, असं मात्र या चाचण्यांतून सिद्ध झालेलं नाही. तसं छातीठोक सांगणाराही मेसेजच फिरवतोय. आणि जर्मनीतल्या २०० पेशंटांच्या चाचणीत (२०१९) पहिल्या काही आठवड्यांत ट्रेडमिलवर घाम काढणाऱ्यांना विशेष फायदा दिसला नाही, उलट गंभीर त्रास जास्त नोंदले गेले. तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात काकांना जिममध्ये नेऊ नका.

‘सहा महिन्यांनी दार बंद’. मला सर्वांत जास्त राग या वाक्याचा येतो, कारण ते वाचून माणसं प्रयत्न सोडतात. सुरुवातीचे महिने मोलाचे असतात, हे खरंच. पण लंडनच्या क्वीन स्क्वेअर या मेंदूविकारांच्या रुग्णालयात २२४ पेशंटांना तीन आठवड्यांत ९० तास हाताचे व्यायाम दिले. त्यांतल्या निम्म्यांच्या झटक्याला दीड वर्ष उलटून गेलं होतं. तरी हात सुधारले आणि ती सुधारणा सहा महिन्यांनंतरही टिकली. तुलनेला दुसरा गट नव्हता, ही त्यातली उणीव. तरी दार बंद असतं तर एवढंही झालं नसतं.

उरली मालिश. करा, बरं वाटतं. पण मालिशीत पेशंट पडून असतो आणि मेहनत मावशीची होते. शिकायचंय काकांना. फिजिओताईंनी तिसऱ्या आठवड्यात दाखवलं ते साधं आहे : पावलं मागे घ्या, पुढे वाका, नाक पायाच्या बोटांवर आलं की उठा. घरच्यांनी डाव्या बाजूला उभं राहायचं, पण डावा हात धरून ओढायचा नाही, खांदा निखळतो. काल काका अकरा वेळा उठले. बाराव्याला म्हणाले, आता चहा.