आधी परमनंट हो, मग बघू समाजाचं

हे बघ, सायन्सपण करायचंय आणि सामाजिक न्यायासाठी लढायचंपण आहे ना, कोण नको म्हणतंय, फक्त जरा दम धर. आधी पीएचडी होऊ दे, थिसिसवर गाईडची सही बाकी असताना कसली क्रांती करतोस? मग पोस्टडॉक, तिकडे व्हिसावर असशील म्हणजे गप्पच. मग नोकरी, प्रोबेशन, प्रमोशनची फाईल, कंडक्ट रूल्स. रिटायर झालास की वाचकांच्या पत्रव्यवहारात एक जळजळीत पत्र टाक, छापतात.

फेलोशिपचं मात्र वेगळं हां. त्यासाठी रस्त्यावर उतरलं तर ते राजकारण धरत नाहीत. जेआरएफचे, म्हणजे पीएचडीच्या पोरांना महिन्याला मिळणाऱ्या फेलोशिपचे, 25 हजाराचे 31 झाले 2019 ला, मग 2023 ला 37, पोरं पोस्टर घेऊन उभी राहिली होती, आपोआप कोण वाढवतंय. पण आपली काचेची भांडी घासणाऱ्या मावशी कॉन्ट्रॅक्टवर आहेत, तीन महिने पगार नाही, तो पडला अ‍ॅडमिनचा विषय, त्यात सायंटिस्टने न्यूट्रल राहायचं.

खंडेनवमीला न्यूट्रल नको राहूस, वाईट दिसतं. सेंट्रिफ्यूजला झेंडूचा हार घाल, कुंकू फक्त झाकणावर लाव, आत सांडलं की सर्व्हिस इंजिनिअर बिल लावतो. वैज्ञानिक दृष्टिकोन 1976 पासून घटनेतल्या मूलभूत कर्तव्यांत आहे, तो भाषणात घे, टाळ्या पडतात. नारळीकर सरांचं नाव पण घे, पण ताऱ्यांपुरतंच. त्यांनी अंनिसला सोबत घेऊन 27 ज्योतिषांना कुंडल्या देऊन हुशार मुलं ओळखायला लावली आणि सरासरी 46 टक्के बरोबर आले, नाणं उडवलं असतं तर 50 आले असते, हा किस्सा डायरेक्टरांसमोर नको, त्यांच्या अंगठीत पुष्कराज आहे.

20 ऑगस्टला दाभोलकरांचा फोटो स्टेटसला ठेव, चोवीस तासांत आपोआप जातो. डॉक्टरकी सोडून माणूस जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घालत होता, 2013 ला पुण्यात पुलावर गोळ्या घातल्या, मग काही दिवसांतच वटहुकूम निघाला. म्हणजे बघ, काम होतं, घाई कशाला.

आणि हो, मावशी परवा अर्ज लिहून मागायला आल्या होत्या. मी म्हटलं तो देईल. टाईप करून दे, तुझं अक्षर ओळखतात इथे. प्रिंट बाहेरून काढ, माझ्या केबिनमधल्या प्रिंटरवर नको.