चार टक्क्यांचा हिशेब: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

हवामानबदलावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप तीन आहेत. एक, हवेत दरवर्षी जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये माणसाचा वाटा जेमतेम चार टक्के, बाकीचा समुद्र, जंगलं आणि ज्वालामुखींचा. मग तापमानवाढीचं खापर आपल्या माथी का? दोन, हिमयुगं संपताना आधी तापमान वाढलं, कार्बन मागून वाढला. मी मात्र उलटं लिहिलं. तीन, २०२० मध्ये अख्खं जग घरात बसलं तरी हवेतला कार्बन वाढतच राहिला, म्हणजे कपातीची धोरणं निरर्थक. एका ओळीत उडवून लावण्यासारखे हे प्रश्न नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो.

चार टक्क्यांचा आकडा साधारण बरोबर आहे. जमीन आणि समुद्र मिळून वर्षाला सातशे अब्ज टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतात. आपण जंगलतोड धरून सुमारे चाळीस अब्ज टन. पण या हिशेबात एकच बाजू मांडली आहे. पालापाचोळा कुजताना जो वायू सुटतो, तो झाडाने आधी हवेतूनच घेतलेला असतो. समुद्रही एका ठिकाणी सोडतो, दुसऱ्या ठिकाणी शोषतो. निसर्ग किती सोडतो हे सांगायचं आणि किती परत घेतो हे गाळायचं, इथेच गणित चुकतं.

आता दोन्ही बाजू मांडून बघा. हवेतलं प्रमाण वर्षाला सुमारे अडीच पीपीएमने वाढतं आहे (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख रेणूंमागे एक). एक पीपीएम वाढायला ७.८ अब्ज टन लागतात. म्हणजे हवेत उरतात वीस अब्ज टनांच्या आसपास. आपण टाकले चाळीस. उरलेले वीस जंगलांनी आणि समुद्राने पोटात घेतले. निसर्ग स्वतः भर घालत असता, तर हवेतली वाढ चाळीसच्या वर गेली असती. ती त्याच्या निम्मीच आहे. म्हणजे वाढ सगळी आपली, आणि वर निसर्ग आपला निम्मा भार उचलतो आहे. ज्वालामुखींचं म्हणाल, तर त्यांचं उत्सर्जन आपल्या उत्सर्जनाच्या एक टक्क्याच्या आसपास.

ही अडीच पीपीएमची वाढ कुणाच्या अंदाजातून आलेली नाही. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ इथे मोजायला सुरुवात केली, तेव्हा प्रमाण ३१५ पीपीएम होतं. आज ते ४२० च्या पुढे आहे. यंत्रांच्या जोडीला तिथे काचेच्या निर्वात फ्लास्कमध्येही हवा भरून घेतात. भरणारा माणूस वाऱ्याकडे तोंड करून उभा राहतो, श्वास रोखतो आणि मगच फ्लास्कची तोटी उघडतो. कारण आपल्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड सुमारे चार टक्के, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळजवळ शंभर पट असतो. तो मिसळला की नमुना वाया. इतकी काळजी घेऊन काढलेल्या आकड्याला ‘कुणीतरी फुगवला’ म्हणणं मला मनापासून लागतं.

शिवाय या कार्बनवर त्याच्या उगमाची खूण असते. कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सर्गी प्रकार. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा नष्ट व्हायला लागणारा काळ, ५,७३० वर्षं आहे, त्यामुळे कोट्यवधी वर्षं जमिनीत पडलेल्या कोळशात आणि तेलात तो उरलेलाच नाही. अशा इंधनाचा धूर मिसळला की हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण पातळ होतं. हा परिणाम १९५० च्या दशकातच लक्षात आला होता. आणि जळायला ऑक्सिजन लागतो. हवेतला ऑक्सिजन घटतो आहे, हे राल्फ कीलिंग, म्हणजे चार्ल्स यांचेच चिरंजीव, यांनी मोजून दाखवलं. घट अगदी बारीक आहे, श्वास कोंडायची भीती नाही. पण ज्वालामुखीतून किंवा समुद्रातून आलेल्या कार्बनने ती झाली नसती.

हिमयुगांबद्दल मात्र तुमचं खरं आहे. ‘कार्बन वाढला म्हणून हिमयुग संपलं’ हे माझं वाक्य चुकीचं होतं, ते आज दुरुस्त केलं आहे. सुरुवात पृथ्वीच्या कक्षेतल्या आणि अक्षातल्या संथ बदलांनी झाली, समुद्र तापले, त्यांनी कार्बन सोडला आणि त्या कार्बनने तापमान आणखी वर नेलं. म्हणजे तो तेव्हा परिणामही होता आणि कारणही. आज समुद्र सोडतो त्याहून जास्त कार्बन घेतो आहे. म्हणून तर त्याचं पाणी आम्लतेकडे झुकतंय. पृष्ठभागाचा पीएच (हा आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त) ८.२ वरून ८.१ वर आला. आणि वेग बघा: हिमयुग संपताना १८० वरून २६०-२८० पीपीएमवर जायला हजारो वर्षं लागली होती. १९५८ नंतरची शंभराहून अधिक पीपीएमची वाढ एका माणसाच्या हयातीत झाली.

राहिलं २०२०. त्या वर्षी जीवाश्म इंधनाचं उत्सर्जन पाचेक टक्क्यांनी, म्हणजे सुमारे दोन अब्ज टनांनी घटलं. पीपीएममध्ये हे फार तर पाव. मौना लोआवर झाडांच्या वाढीमुळे एका वर्षातच सहाएक पीपीएमचा चढउतार होतो, त्यात पाव कुठे दिसणार? आपण टाकणं थांबवलं नव्हतं, किंचित कमी केलं होतं. साठा वाढतच राहणार होता.

धोरणांना ‘निव्वळ शून्य’ (हवेत जितकं टाकायचं, तितकंच परत काढून घ्यायचं) हा शब्द याच हिशेबामुळे आला. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीच्या) २०२१ च्या अहवालानुसार दर हजार अब्ज टनांमागे तापमान सुमारे ०.४५ अंशाने वाढतं, मग ते टन कोणत्याही वर्षी टाकलेले असोत. १८५० पासून २०१९ पर्यंत आपण सुमारे २,४०० अब्ज टन टाकले. गुणाकार करून बघा: एक अंशाच्या थोडं वर, जवळजवळ तेवढीच वाढ मोजली गेली आहे. याच हिशेबाने २०२० ची बचत अंशाचा हजारावा भागही नाही. माणसांना घरात कोंडून इतकंच साधतं, कारण वीजघरं, पोलादाच्या आणि सिमेंटच्या भट्ट्या बऱ्याच अंशी चालूच होत्या. धोरणाला हात घालायचा आहे तो तिथे. आणि ते जमतं: २०१० ते २०१९ या काळात सौरविजेचा खर्च सुमारे ८५ टक्क्यांनी उतरला, त्यात कित्येक सरकारांच्या सुरुवातीच्या अनुदानांचा मोठा वाटा होता. तुम्ही ज्यांना निरर्थक म्हणालात, ती हीच धोरणं.