दहावी आली म्हणून कबड्डी बंद?

गेल्या आठवड्यात ताईचा फोन आला, तिचा धाकटा यंदा दहावीत गेलाय आणि भाऊजींनी ठरवलंय की आता कबड्डी बंद. पोरगा उजवा कोपरा खेळतो, जिल्ह्यापर्यंत जाऊन आलाय. फॅमिली ग्रुपवर लगेच दोन पार्ट्या पडल्या, एक म्हणते खेळून पोट भरतं का, दुसरी म्हणते सवलतीचे मार्क मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, खेळू दे. आणि मग मला विचारलं, तू अमेरिकेत आहेस ना, तिकडे कसं असतं सांग.

सांगते, पण मला दोन्ही पार्ट्यांचं पटत नाही.

2013 मध्ये मी पेनसिल्व्हेनियात आले, त्याच ऑक्टोबरात ऑफिसच्या लोकांनी पेन स्टेट विरुद्ध मिशिगन या दोन विद्यापीठांच्या अमेरिकन फुटबॉल मॅचला नेलं. कॉलेजच्या मॅचला लाखावर माणूस! चार ओव्हरटाइम झाले आणि पेन स्टेट 43-40 नी जिंकलं. मला नियम कळेनात तेव्हा शेजारचे आजोबा म्हणाले, बॉल सोड, त्या 64 नंबरकडे बघ. तो ऑफेन्सिव्ह लाइनमन, म्हणजे पुढच्या पाच धिप्पाड पोरांतला एक. हात जमिनीला टेकवून बसायचं, बॉल सुटला की समोरून येणाऱ्या तेवढ्याच अंगाच्या माणसाला छातीवर घेऊन थोपवायचं, मागच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे बॉल फेकणाऱ्याला, दोन-तीन सेकंद मिळवून द्यायचे, आणि उठून परत तेच. बॉल हातात जवळपास येतच नाही. माइकवर नंबर पुकारला जातो तो बहुतेक फाउल झाला तरच. मला कबड्डीतला कोपरा आठवला, टाळ्या चढाईवाल्याला आणि खरचटलेले गुडघे याचे.

तो 64 नंबर म्हणजे जॉन अर्शेल. गणितात पदवी, मग मास्टर्स, आणि खेळत असतानाच कॉलेजात पोरांना कॅल्क्युलस शिकवायचा. त्याच वर्षी त्याला अभ्यास आणि खेळ दोन्हीसाठी दिली जाणारी कॅम्पबेल ट्रॉफी मिळाली. 2014 मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या निवडीत, बॉल्टिमोर रेव्हन्स संघानं त्याला पाचव्या फेरीत घेतलं. इथवर ऐकून दुसरी पार्टी खूश होईल.

पण 2015 च्या ऑगस्टमध्ये सरावात त्याच्या डोक्याला मार बसला, कन्कशन. काही दिवसांनी मैदानावर परतला, पण अवघड गणितं पूर्वीसारखी सुटायला त्याहून जास्त वेळ लागला, हे त्यानं स्वतःच सांगितलंय. मला हे वाचून पोटात गोळा आला होता. 2017 मध्ये एनएफएल खेळलेल्या 111 जणांच्या मेंदूंचा अभ्यास आला, 110 मध्ये वारंवार डोक्याला मार बसल्यानं होणारा सीटीई हा मेंदूचा आजार सापडला. ते मेंदू घरच्यांनी दान केलेले होते, म्हणजे सगळ्याच खेळाडूंचं असंच होतं असं नाही, पण दोन दिवसांनी अर्शेलनं 26 व्या वर्षी खेळ सोडला. एमआयटीत पीएचडी आधीच चालू होती, ती 2021 मध्ये पूर्ण केली, आता तिथेच प्राध्यापक आहे.

म्हणून अमेरिका बघा, अमेरिका बघा म्हणणाऱ्यांना सांगते, कॉलेजात खेळणाऱ्या शंभरातले दोघंही एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये जात नाहीत, बाकीच्यांना दुखरे गुडघे घेऊन नोकरीच शोधायची असते. मात्र इथली एक गोष्ट मला मनापासून आवडते, अभ्यासात ठरलेली पातळी राखली नाही तर पोराला मैदानात उतरू देत नाहीत आणि ती राखायला कॉलेजच ट्यूटर देतं. पंधराव्या वर्षी कुणी त्याला एक निवड आणि दुसरं सोड म्हणत नाही. आपल्याकडे शाळा आणि क्लास सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत पोराला अडकवतात आणि मग आपणच म्हणतो त्याला वेळ कुठे मिळतो. आणि सवलतीच्या मार्कांसाठी खेळवणं तर मला बंद करण्याइतकंच वाईट वाटतं, त्यात पोराला कबड्डी आवडते ही गोष्टच कुणी बोलत नाही.

ताईला म्हटलं बंद करू नका, रविवारचा क्लास कमी करा आणि सरांना दोन गोष्टी विचारा, पकडीत डोकं आपटलं तर बघायला कोण असतं आणि सराव मॅटवर होतो का. ती विचारते म्हणाली. तेवढ्यात मागून भाचा ओरडला, "मावशी, मॅट कुठली, मैदानावर मुरूम टाकलाय!"