पाचशे पौंड हे वजन कशाचे?

बॉम्बविषयीच्या लेखात ‘५०० पौंडी बॉम्बमध्ये ५०० पौंड स्फोटके भरलेली असतात’ असे विधान आहे, ते दुरुस्त करायला हवे. हा आकडा संपूर्ण बॉम्बच्या ढोबळ वजनाचा असतो. अमेरिकी बनावटीच्या मार्क ८२ बॉम्बचे उदाहरण घेतले तर सुमारे २२७ किलोंपैकी (म्हणजे ५०० पौंडांपैकी) स्फोटक जेमतेम ८७ ते ८९ किलो भरते. उरलेले वजन मुख्यतः जाड पोलादी कवचाचे असते. तेच कवच फुटून त्याच्या ठिकऱ्या दूरवर उडतात, आणि त्याच्याच बळावर बॉम्ब न फुटता जमिनीत काही अंतर शिरू शकतो. म्हणून तर त्याला सर्वसाधारण वापराचा बॉम्ब म्हणतात.

दुसरे म्हणजे, फ्यूजचा, म्हणजे बॉम्ब नेमका केव्हा फुटायचा हे ठरवणाऱ्या यंत्रणेचा, उल्लेखच लेखात नाही. फ्यूज आदळताक्षणी फुटणारा असेल तर उघड्यावरची माणसे व वाहने सापडतात. तोच किंचित उशिरा फुटणारा लावला की धावपट्टीत खड्डा पडतो. १८ डिसेंबर १९६१ रोजी आपल्या कॅनबेरा विमानांनी गोव्यात पोर्तुगीजांच्या ताब्यातील दाबोळी विमानतळावर बॉम्ब टाकले, तेव्हा लक्ष्य धावपट्टी हेच होते आणि विमानतळाच्या इमारती राखायच्या होत्या. आमची आजी तेव्हा दाबोळीजवळच्या चिखलीला राहत असे. फळीवरची तांब्याची भांडी थरथरून एकमेकांवर वाजली आणि चुलीवरची पेज तशीच टाकून सगळे माडांत पळाले, असे ती सांगे. मात्र खड्डे बुजवता येतात, हेही लेखात यायला हवे होते: त्याच रात्री तात्पुरत्या डागडुजीनंतर दोन पोर्तुगीज विमाने याच धावपट्टीवरून निसटली.