काय काढताय?

मोठी लेन्स लावलेला कॅमेरा घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला एकांत मिळत नाही. मोबाईलवर दिवसभर फोटो काढणाऱ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पण हातात जरा लांबुडकी लेन्स दिसली, की वाटेने जाणारा प्रत्येक जण चौकशी अधिकारी होतो. प्रश्नांचा क्रमही ठरलेला. आधी "काय काढताय?", मग "कुठे छापून येणार?" आणि मग आवाज जरा खाली आणून "केवढ्याला पडला?" या तिसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर मी घरीही दिलेलं नाही, तर रस्त्यात कुठून देणार!

त्यातून वाचलात, तर "यातून किती लांबचं दिसतं?" हा प्रश्न असतोच. लेन्स ६०० मिलिमीटरची आहे असं खरं सांगितलं, तर समोरचा मनातल्या मनात त्याचे साठ सेंटीमीटर करतो आणि "एवढंच?" म्हणतो. एकदा वैतागून मी "तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर, थेट चंद्रापर्यंत" असं ठोकून दिलं. त्यावर ते आजोबा शांतपणे म्हणाले, "चंद्र तर मला चष्म्याशिवायही दिसतो."

पक्ष्यांच्या फोटोंचं तर बोलायलाच नको. खंड्या आपल्या आवडत्या फांदीवर पुन्हा पुन्हा येऊन बसतो, या त्याच्या एका सद्गुणावर आमचा सगळा धंदा चालतो. तळ्याकाठी झुडपाआड उकिडवं बसायचं, पायाला मुंग्या आल्या तरी हलायचं नाही (दोन्ही प्रकारच्या मुंग्या येतात), शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर ठेवायचं आणि तो सूर मारण्याची वाट बघायची. तो येतो. पाण्याकडे मान तिरकी करतो. आणि नेमकं त्याच क्षणी पाठीमागून खणखणीत आवाज येतो, "काय काढताय?"

"खंड्या."

"कुठाय?"

"आत्ता होता."

"मला तर काहीच दिसत नाही," असं म्हणून ते गृहस्थ माझ्याकडे ज्या सहानुभूतीने बघतात, ती सहन करायला मुंग्यांपेक्षा जास्त धैर्य लागतं. बरं, माणूस दुष्ट नसतो. उलट मदतीला उत्सुक असतो. "थांबा, मी हाकलून आणतो," असं म्हणून टाळ्या वाजवत पलीकडच्या काठाला गेलेले एक काका मला अजून आठवतात. पलीकडे होते नव्हते तेवढे बगळेही त्यांनी उडवले.

कॅमेरे बनवणाऱ्यांनी आमच्यासारख्या मंद बोटांच्या लोकांसाठी एक सोय काढली आहे. बटण अर्धं दाबून धरलं की कॅमेरा गुपचूप फ्रेम साठवत राहतो आणि बटण पूर्ण दाबलं की आधीच्या अर्ध्या-एक सेकंदातलेही फोटो हातात देतो. म्हणजे पक्षी उडाल्यावर बटण दाबलं तरी उडतानाचा फोटो मिळतो. काळात मागे जाण्याचीच ही सोय म्हणायची. पण ते गृहस्थ येण्याच्या आधीच्या काळात जायचं तर निदान पाच मिनिटं तरी मागे जावं लागेल, आणि तेवढी मेमरी अजून कुणी दिलेली नाही.

अशा वेळी मला अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचा हेवा वाटतो. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळून जाताना त्याला चंद्रोदय दिसला. खाली कबरस्तानातल्या पांढऱ्या क्रुसांवर मावळतं ऊन. गाडी थांबवून त्याने तो अवजड कॅमेरा कसाबसा उभा केला, तर उजेड मोजायचा लाइट मीटर सापडेना. सोबत्यांवर ओरडाआरडा झाला. शेवटी चंद्राची तेजस्विता प्रति चौरस फूट २५० कँडल असते हे त्याला आठवलं, त्यावरून त्याने हिशोब केला आणि एक फोटो घेतला. दुसऱ्यासाठी फिल्मचा होल्डर उलटा करेपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलेलं होतं. जगातल्या अतिप्रसिद्ध फोटोंपैकी हा एक. गंमत म्हणजे चंद्राची तेजस्विता तोंडपाठ असणाऱ्या या माणसाला फोटो कुठल्या साली काढला ते मात्र नीट आठवत नव्हतं. पुढे आकाशातल्या चंद्राच्या जागेवरून गणित करून इतरांनी १ नोव्हेंबर १९४१ ही तारीख शोधून दिली. माझं म्हणणं एवढंच, की त्या शेवटच्या मिनिटात शेजारी येऊन "केवढ्याला पडला?" विचारणारं तिथे कुणी नव्हतं. नाहीतर जग एका चंद्रोदयाला मुकलं असतं.

पहारेकऱ्यांची जात वेगळी. त्यांना कुतूहल नसतं, संशय असतो. आजूबाजूला शंभर मोबाईल उंचावलेले असताना त्यांना नेमका माझा ट्रायपॉड दिसतो.

"स्टँड चालणार नाही."

"का हो?"

"स्टँड आहे ना."

या तर्कापुढे भलेभले गप्प होतात. हातात धरून काढला तर चालेल, तीन पायांवर ठेवून नाही. म्हणजे फोटोला हरकत नाही, तो स्थिर येण्याला आहे. मी ट्रायपॉड घडी करायला घेतला की तोच पहारेकरी टोपी सरळ करून म्हणतो, "आता काढताच आहात तर माझा एक काढा."

कॅमेऱ्याची किंमत न विचारता सरळ त्यालाच हात घालणारेही असतात. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर डेव्हिड स्लेटर या छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याचं बटण एका काळ्या मकाक माकडाने दाबलं आणि दात विचकून झकास सेल्फी काढला. २०११ साली तो जगभर गाजला. मग फोटोचा हक्क कुणाचा यावर भांडण. प्राण्याने काढलेल्या फोटोची आम्ही नोंद करणार नाही, असं अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०१४ मध्ये सांगितलं. २०१५ मध्ये माकडाच्या वतीने खटलाच गुदरला गेला. आणि माकडाला कॉपीराइटचा दावा लावता येत नाही, हे अपील न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवलं. तेव्हापासून "जरा बघू तुमचा कॅमेरा" म्हणणाऱ्याला मी आधी आपादमस्तक न्याहाळतो.

एवढं सगळं सोसून मी शेवटी माणसं वगळण्याचा शास्त्रोक्त उपाय धरला. लेन्सवर दहा स्टॉपचा काळा फिल्टर लावायचा. त्यातून उजेड हजारपटीने कमी आत येतो, म्हणून तीसांश सेकंदाचं काम अर्धं मिनिट चालतं. तेवढ्या वेळात चालत जाणारी माणसं कुठेच पुरेशी थांबत नाहीत आणि फोटोतून विरघळून जातात. उरतो नुसता पूल, दगड आणि मखमली पाणी.

तर असा एका गर्दीच्या दगडी पुलासमोर कॅमेरा लावून उभा होतो. शेजारी यायचे ते आले.

"काय काढताय?"

"पूल. माणसं येणार नाहीत त्यात."

"आं? एवढी चाललीयत की!"

प्रश्न इतका रास्त होता, की मी त्यांना साग्रसंगीत समजावलं. १८३८ साली दागेर नावाच्या गृहस्थाने खिडकीतून पॅरिसचा एक गजबजलेला रस्ता टिपला. प्लेटवर उजेड पडायला काही मिनिटं लागायची, त्यामुळे चालणारी माणसं आणि गाड्या सगळं गायब झालं. फक्त कोपऱ्यावर बूट पॉलिश करून घेणारा एक जण एका जागी उभा होता, तेवढा उमटला. फोटोत आलेला तो बहुधा पहिला माणूस. आणि बिचाऱ्याला ते कधी कळलंही नसावं.

गृहस्थ हेलावले. "म्हणजे जो थांबतो तो येतो?"

"अगदी बरोबर," मी म्हणालो आणि रिमोटचं बटण दाबलं.

त्यांनी दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि पुलाच्या दिशेने आरोळी ठोकली, "अहो, थांबा सगळे! हलू नका! फोटो चालू आहे!"

पूल थांबला. सायकलवाला एक पाय टेकून थांबला. धावणारे थांबले, भांडणारे थांबले, बायकांनी पदर सारखे केले, बापाने पोराला उचलून कठड्यावर धरलं. पुलावरच्या यच्चयावत जनतेने कॅमेऱ्याकडे तोंड करून श्वास रोखला. अर्धं मिनिट संपलं. मग माझा कॅमेरा नॉइज, म्हणजे फोटोतले नको ते ठिपके, कमी करण्यासाठी तेवढाच वेळ आणखी घेतो, तोही संपेपर्यंत कुणी जागचं हललं नाही, कारण गृहस्थांनी हात खाली केला नव्हता. एवढी शिस्त मी शाळेच्या ग्रुप फोटोतही पाहिलेली नाही.

स्क्रीनवर चित्र आलं. एकूण एक माणूस रेखीव. कठड्यावरचं पोर तेवढं पुसट, कारण ते हात हलवत होतं.

गृहस्थांनी वाकून, चष्मा वर करून, पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फोटो तपासला. चेहरा पडला.

"सगळे आलेत," ते म्हणाले. "मी कुठाय?"

"तुम्ही इकडे होतात ना. माझ्या शेजारी."

"हात्तिच्या!" असं म्हणून ते पुलाकडे धावत सुटले आणि पांगायला लागलेल्या गर्दीला पुन्हा ओरडले, "जाऊ नका, जाऊ नका! अजून एक आहे!"