इनोसिटॉल, कडक भाकरी आणि 12 ग्रॅम : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

इनोसिटॉल या साखरेसारख्या, पावडर व गोळ्यांच्या रूपात विकल्या जाणाऱ्या पदार्थावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभार. आपले आक्षेप तीन आहेत : मी त्याला ‘बी-8 जीवनसत्त्व’ म्हटले ते चूक आहे, आपल्या सोलापुरी भाकरीत आणि शेंगा चटणीत जे मुळातच असते त्याची मी उगाच धास्ती घातली, आणि नैराश्यावर ते गुणकारी असल्याचे परदेशी चाचण्यांत सिद्ध झालेले असताना मी ते दडवले. आपला भाचा नैराश्याच्या गोळ्या सोडून महिनाभर ही पावडर घेत आहे आणि त्याला बरे वाटते, असेही आपण शेवटी लिहिले आहे.

पहिला आक्षेप मान्य. आपले शरीर, विशेषतः मूत्रपिंडे, ग्लुकोजपासून रोज काही ग्रॅम इनोसिटॉल स्वतःच तयार करते, त्यामुळे त्याला जीवनसत्त्व म्हणता येत नाही. जुने नाव मी न तपासता उतरवले होते. लेखात दुरुस्ती केली आहे.

भाकरीचे मात्र तितके सरळ नाही. ज्वारी, शेंगदाणे, तीळ, हुलगे यांतील इनोसिटॉलचा मोठा वाटा फायटिक आम्लाच्या रूपात, सहा फॉस्फेटांनी जखडलेला असतो आणि तो मोकळा करणारे फायटेज हे विकर (एन्झाइम) माणसाच्या आतड्यात फारच तोकडे असते. मोड आणल्याने किंवा पीठ आंबवल्याने त्यातले काही सुटते. कडक भाकरीत (जी माझ्याही घरी डबा भरून असते) यांपैकी काहीच घडत नाही. शिवाय साधारण मिश्र आहारातून दिवसाला मिळते ते 1 ग्रॅमच्या आसपास, आणि मानसिक आजारांवरील चाचण्यांत दिले गेले ते 12 ते 18 ग्रॅम.

हा फरक डोळ्यांना दिसावा म्हणून काल दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, मी पावडरचा डबा उघडून 12 ग्रॅम काट्यावर मोजले. चहाचे सपाट चार चमचे भरले. आमच्या मेडिकलमध्ये पीसीओडीसाठी (स्त्रियांच्या बीजकोशांच्या, पाळी बिघडवणाऱ्या विकारासाठी) जी गोळी सर्रास खपते तिच्यात मायो-इनोसिटॉल असते 550 मिलिग्रॅम. म्हणजे तेवढ्यासाठी रोज 22 गोळ्या. इतके पोटात गेल्यावर गॅस, मळमळ, जुलाब झाले तर नवल नाही. आपला भाचा रोज नेमके किती घेतो, हे आपण लिहिलेले नाही.

आता चाचण्या. त्या मी दडवल्या नव्हत्या, पण एका वाक्यात उरकल्या, हा दोष माझा. इस्रायलमधील बीरशेबा येथील लेव्हिन, बेंजामिन, बेलमेकर यांच्या गटाने 1995 साली नैराश्याच्या 28 रुग्णांवर चार आठवडे चाचणी केली आणि औषधविरहित पुडीपेक्षा इनोसिटॉल सरस ठरले. त्याच वर्षी पॅनिक अटॅकच्या (अचानक तीव्र भीतीचे झटके येणाऱ्या) 21 आणि पुढच्या वर्षी ओसीडीच्या (तेच विचार व त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराच्या) 13 रुग्णांतही फायदा दिसला. परंतु 28, 21 आणि 13 इतकी माणसे आमच्या दुकानात सकाळी अकरापर्यंत येऊन जातात. पुढे 2004 साली, वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात नैराश्यावरील चार चाचण्यांतील 141 जणांची माहिती एकत्र पाहिली गेली, तेव्हा स्पष्ट फायदा हाती लागला नाही. चालू गोळ्यांना जोड म्हणून दिल्यावरही विशेष फरक पडला नव्हता. पॅनिकबाबत थोडी आशा ठेवावी असे मला आजही वाटते, नैराश्याबाबत वाटत नाही.

राहिला आपला भाचा. नैराश्याच्या गोळ्या एकदम सोडल्यावर सुरुवातीला चक्कर, चिडचिड, झोपमोड होते, ती ओसरली की माणसाला हायसे वाटते आणि श्रेय डब्याला मिळते. आजार उलटण्याचा धोका मात्र पुढच्या काही महिन्यांत असतो. सोडलेल्या गोळ्यांत लिथियम (मनःस्थितीचे चढउतार आवरणारे औषध) असेल तर प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण लिथियम शरीरातील इनोसिटॉलच्या पुनर्वापराला अडथळा आणते आणि त्याचा गुण त्यातूनच येत असावा असे एक मत आहे; ते खरे असेल तर ही पावडर त्या गुणालाच छेद देऊ शकते. शिवाय, इनोसिटॉल घेत असताना उन्माद उसळल्याच्या तुरळक नोंदीही आहेत. पावडर चांगली की वाईट, हा वाद आपण नंतर सावकाश घालू. या आठवड्यात त्याला त्याच्या डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि जाताना पावडरचा डबा व सोडलेल्या गोळ्यांची स्ट्रिप, दोन्ही सोबत असू द्या.