खुलासा : ‘तिसरं बाळंतपण तासाभरात’ हा मेसेज पुढे पाठवू नका

दापोली-गुहागरकडच्या ग्रुपांवर फिरतंय : दर बाळंतपणाला वेळ निम्मा होतो, तिसऱ्याला दवाखान्याची धावपळ नको.

दुसरं बहुधा पहिल्यापेक्षा लवकर होतं, हे खरं. गर्भाशयाचं तोंड एकदा उघडलेलं असतं, म्हणून. पण पुढे दर खेपेला वेळ घटतोच असं नाही. बाळ आडवं असेल तर कितवीही खेप असो, अडतंच. पाचव्या खेपेपासून तर बाळंतपणानंतर रक्तस्रावाचा धोका वाढतो. नर्सिंगला हेच शिकले, प्रसूतिगृहात हेच पाहिलं.

आणि खरंच लवकर होणार असेल, तर लवकर निघायला नको का? रात्री खाडीवर फेरीबोट नसते. कळा सुरू होताच १०८ला फोन करा. तो मेसेज कृपया थांबवा, पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.